फोनचं बिऱ्हाड

माणसानं आयुष्यात दोन गोष्टी शक्यतो बदलू नयेत. एक न्हावी आणि दुसरं बिऱ्हाड. न्हावी बदलला तर महिनाभर टोपी घालून हिंडावं लागतं, आणि बिऱ्हाड बदललं तर किसणी कुठल्या खोक्यात गेली हे पुढच्या संकष्टीपर्यंत कळत नाही. या यादीत तिसरी गोष्ट घालण्याची पाळी माझ्यावर २०२४ च्या दिवाळीत आली. दहा वर्षं मी अँड्रॉइडच्या फोनवर गुण्यागोविंदानं नांदत होतो. दिवाळीला मुलगी बेंगळुरूहून आली, तिनं माझा फोन दोन बोटांत मेलेल्या झुरळासारखा उचलला आणि म्हणाली, "बाबा, हा अजून चालतो?" दुसऱ्या दिवशी पाडव्याची ओवाळणी म्हणून माझ्या हातात आयफोन आला. ओवाळणी परत करता येत नाही. आमच्या संस्कृतीत सगळ्या अडचणींची सुरुवात अशीच होते.

तुम्ही म्हणाल, फोन बदलला त्यात एवढं काय? चष्मा बदलता, चपला बदलता, तसा फोन. माझंही मत हेच होतं. पण इथं यंत्राबरोबर त्याच्या पोटातली ऑपरेटिंग सिस्टिमही बदलली. ती काय चीज असते हे मुलीनं मला तीनदा समजावलं. शेवटी मी माझ्यापुरती व्याख्या केली: फोन म्हणजे खोली, आणि ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे घरमालक. खिळा कुठे ठोकायचा, पाणी किती वाजता येणार, पाहुण्यानं किती दिवस राहायचं, हे खोली ठरवत नाही. अर्धा जन्म भाड्याच्या घरांत काढल्यामुळे घरमालक या विषयावर टीका करण्याचा अधिकार मला पोचतो, असं मी नम्रपणे समजतो.

दोन्ही घरमालकांचं खानदान तसं फार जुनं नाही. आयफोन २००७ साली बाजारात आला. अँड्रॉइड ही मुळात २००३ साली निघालेली एक छोटी कंपनी. ती २००५ मध्ये गूगलनं विकत घेतली आणि तिचा पहिला फोन २००८ साली निघाला. फरक आहे तो रीतीभातीत. गूगलनं आपली व्यवस्था कुणाही फोन बनवणाऱ्याला दिली, म्हणजे चाळ बांधली. ॲपलनं खोलीही आपलीच आणि नियमही आपलेच असा बंगला बांधला, आणि फाटकावर गुरखा बसवला.

चाळीचं सुख चाळीत राहिल्याशिवाय कळत नाही. दार सताड उघडं. वाट्टेल तिथे खिळा ठोका, वाट्टेल तो पडदा लावा. पण चाळ म्हटली की प्रत्येक मजल्याचा रंग निराळा. मित्राच्या अँड्रॉइडवर जे बटण पहिल्या पानावर असतं, ते माझ्या अँड्रॉइडवर कोळशाच्या खोलीत सापडायचं. शिवाय फोन घरी आला तेव्हा त्यात तीन ॲप्स आधीपासूनच पथारी टाकून बसलेली होती. एक हवामानाचं, एक खेळाचं आणि एक कशाचं ते मला अखेरपर्यंत कळलं नाही. त्यांना काढून टाकायची सोय नव्हती; फार तर झोपवून ठेवता येत होतं. आणि उघड्या दारातून जसा शेजारी वाटी घेऊन येतो तसा चोरही येतो. लग्नपत्रिका म्हणून फाइल पाठवायची आणि ती उघडणाऱ्याचं बँकेचं खातं साफ करायचं, हा उद्योग आपल्याकडे जोरात चालला तो या उघड्या दारातूनच. पत्रिका आली की उघडायची, हा आपला धर्म. चोरांनी तो बरोबर ओळखला.

बंगल्यात तसं नाही. ॲप आणायचं तर आपल्याकडे एकाच फाटकातून, मालकाच्या दुकानातूनच. आत आलेल्या ॲपलासुद्धा गुरखा हटकतो. हा तुमच्या मागे मागे फिरू इच्छितो, फिरू देऊ का, असं २०२१ पासून तो रीतसर विचारतो. मला हे फार आवडलं. उभ्या आयुष्यात मला इतक्या अदबीनं कुणी काही विचारलेलं नाही. डागडुजीही वेळच्या वेळी. २०१८ साली विकलेल्या फोनलासुद्धा २०२४ ची नवी व्यवस्था मिळाली. माझ्या जुन्या फोनच्या कंपनीनं दोन वर्षांनी माझं नावच टाकलं होतं. (न्यायानं सांगायचं तर चाळीतल्या काही बड्या मजल्यांनी अलीकडे सात वर्षांचा वायदा केला आहे. पण मी राहत होतो तो मजला बडा नव्हता.)

मात्र बंगल्यात खिळा ठोकण्यावर कडक निर्बंध. पडद्यावरची चित्रं आपल्याला हवी तिथे, मधे जागा सोडून ठेवण्याची परवानगी या मालकानं २०२४ साली दिली. म्हणजे सतरा वर्षं भाडेकरूंनी तसबिरी मालकाच्या मर्जीनं लावल्या! घड्याळात देवनागरी आकडेही मिळाले. ते पाहून सौ. म्हणाली, "बघा, आता तरी वेळ समजेल तुम्हाला." दोन्ही सुधारणांचं श्रेय ती मुलीला देते.

माझी खरी तक्रार परतीच्या वाटेबद्दल आहे. अँड्रॉइडवर माणूस कुठेही भरकटला तरी मागे फिरायची एकच ठरलेली खूण असते. माझा अंगठा दहा वर्षं ती वाट डोळे मिटून चालत होता. आयफोनवर प्रत्येक खोलीचं दार निराळ्या बाजूला. कुठे वरच्या कोपऱ्यात बाण, कुठे कडेवरून बोट सरकवायचं, कुठे अख्खं पानच खाली ओढायचं. पहिले आठ दिवस माझा अंगठा पेन्शनीत निघालेल्या कारकुनासारखा सवयीनं जुन्या कचेरीत जायचा आणि खुर्ची नाही म्हणून परत यायचा.

पुढचा अध्याय सिमकार्डाचा. जुन्या फोनात माझी दोन कार्डं शेजारी शेजारी बसत. नव्यात कार्डाला जागा एकच. दुसरं ई-सिम करून घ्यायचं. ई-सिम म्हणजे जे दिसत नाही, हाताला लागत नाही, पण आहे. उतारवयात माणसानं सगुणाकडून निर्गुणाकडे जावं असं संत सांगत आले आहेत. पण त्यासाठी टेलिफोनच्या दुकानात दीड तास बसावं लागतं हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

यूपीआयनं तर माझी अब्रूच घेतली. फोन बदलला की ते ॲप आपल्या नंबरावरून एक मेसेज पाठवून खातरजमा करून घेतं. अँड्रॉइडवर तो ते काम परस्पर करतो. आयफोनवर मेसेज लिहून समोर ठेवला जातो आणि 'पाठवा' हे बटण आपण दाबायचं असतं. मेसेजात अगम्य अक्षरांची आगगाडी. असले मेसेज पाठवायचे नाहीत, हे मला मुलीनंच बजावून ठेवलेलं. त्यामुळे मी भाजीवाल्यासमोर तो मेसेज तीनदा रद्द केला. हातात मेथीची जुडी, मागे रांग. शेवटी भाजीवालाच म्हणाला, "काका, राहू दे, उद्या द्या." पन्नास हजारांवरचा फोन हातात धरून मी वीस रुपयांची मेथी उधार आणली.

पण हे सगळं सवयीचं. सवय मोडते आणि लागते. ज्याची सवय लावून घेता येत नाही अशी एकच गोष्ट झाली, आणि तिच्यात दोष माझ्या उतावीळपणाचा.

माझा थोरला भाऊ सांगलीला असे. दादा रोज सकाळी साडेसहाला मला व्हॉट्सॲपवर आवाजाचा निरोप पाठवायचा. लिहिणं त्याला कमीपणाचं वाटे. निरोप कधी चार मिनिटांचा, कधी सहा. वर्तमानपत्राचा अग्रलेख किती भिकार आहे, गुळाला भाव नाही, आणि पावसाळा असला तर आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट. पाण्याचा आकडा तो असा सांगायचा, की जणू नदी त्याच्या परवानगीनं चढते. खरं सांगतो, मी ते सगळे निरोप ऐकत नसे. सकाळी सकाळी चार मिनिटं कोण ऐकणार? 'छान' असं उत्तर टाकायचो आणि आंघोळीला जायचो. २०२३ च्या श्रावणात दादा गेला. त्याचे बरेच निरोप माझ्याकडे न ऐकलेले पडून होते. न ऐकलेल्या निरोपाची खूण वेगळ्या रंगाची असते, त्यामुळे नक्की मोजता येतात. सतरा होते.

नवा फोन मी पाडव्याला मोठ्या उत्साहानं कोरा सुरू केला. "जुनं सामान मागाहून आणू," असं मुलीला म्हणालो. बिऱ्हाड बदलताना सगळेच असं म्हणतात. भाऊबीजेच्या दिवशी व्हॉट्सॲप उघडलं तर आत नुसत्या भिंती. मग कळलं की हे सामान मागाहून आणण्याची रीत नाही. अँड्रॉइडवरच्या गप्पांची नक्कल गूगलच्या माळ्यावर राहते, आयफोनवरच्या गप्पांची ॲपलच्या माळ्यावर, आणि एका माळ्यावरचं गाठोडं दुसऱ्या घरात सोडता येत नाही. (माळेही मोजूनमापून. गूगलचा १५ जीबी फुकट, ॲपलचा ५. पुढे दरमहा भाडं.) अँड्रॉइडवरून आयफोनवर गप्पा नेण्याचा अधिकृत रस्ता झाला तोच मुळी २०२२ साली, आणि तोही एका अटीवर: नवा फोन कोरा करकरीत असला पाहिजे, नाहीतर पुसून कोरा केला पाहिजे. म्हणजे नव्या घरात दूध उतू घालून झालं, आता जुन्या घरातून आईची पेटी आणायची, तर आधी हे घर पाडा!

पाडलं. काय करणार? भाऊबीजेचे फोटो सौ.च्या फोनवर पाठवले आणि नवा फोन पुसला. जुन्या फोनवर नंबर पुन्हा नोंदवला. मग रात्री दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी, दोन्ही चार्जरला लावलेले, तशी अटच आहे. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही झोपा, मी बघते." मी झोपलो नाही. पडद्यावरची रेघ मुंगीच्या पावलानं सरकत होती. मला दवाखान्याबाहेरचं बाकडं आठवत होतं.

त्या रात्री बसल्या बसल्या मी या दोन्ही घरमालकांचं परीक्षण पुरं केलं. कुणाचा कॅमेरा बरा, कुणाची बॅटरी टिकते, यावर तरुण मंडळी हमरीतुमरीवर येतात. मला ते परीक्षणच अपुरं वाटतं. घरमालक कसा आहे हे घर घेताना कळत नाही. तेव्हा दोघंही चहा पाजतात. घरमालक कळतो घर सोडताना, डिपॉझिट परत देतो की नाही यावरून. आपलं डिपॉझिट म्हणजे काय? पैसे देऊन घेतलेली ॲप्स. ती नव्या घरात पुन्हा विकत घ्यावी लागतात. माणसांची नावं, फोटो, गप्पा. आणि ती परत करण्याच्या बाबतीत चाळवाला आणि बंगलेवाला एकाच माळेचे मणी. आत येताना पायघड्या, बाहेर जाताना पाण्याचा नळ बंद. चार्जरचंच बघा. आज दोन्ही फोनांना एकच यूएसबी-सीची वायर चालते. आयफोनमध्ये ती २०२३ साली आली, पण त्याआधी २०२२ मध्ये युरोपला तसा कायदा करावा लागला. घरमालक आपण होऊन शेजारच्या वाड्यात दार पाडत नाही. म्युनिसिपालटीची नोटीस यावी लागते.

म्हणून माझा अभिप्राय असा. राहायला दोन्ही घरं बरी आहेत. ज्याला फाटक आवडतं त्यानं बंगल्यात राहावं, ज्याला गॅलरी आवडते त्यानं चाळीत. पण जी व्यवस्था आपल्या माणसाला त्याच्या सामानासकट, हसतमुखानं, कधीही जाऊ देईल तिलाच मी चांगली म्हणेन. आणि तशी मला अजून भेटायची आहे. शहाण्यानं नवा फोन घेतला तर आधी जुन्याचं गाठोडं हलवावं आणि मगच दिवा लावावा. एवढा एक उपदेश या लेखातून घेतलात तरी पुष्कळ.

पहाटे रेघ पुरी झाली. दादा आला. सतराच्या सतरा निरोप आले. मी त्यातला एक लावला. गुळाला भाव नव्हता. पाणी तीस फुटांवर होतं. "बाकी ठीक," म्हणाला. बाकी ठीकच होतं.

डिपॉझिटातून कापले गेले ते एवढेच: गप्पा येतात, पण व्हॉट्सॲपवर कुणी कधी फोन केला त्याची नोंद येत नाही. दादानं शेवटचा फोन कुठल्या तारखेला केला, आणि तो मी घेतला की नाही, ते जुन्या घरातच राहिलं. घेतला नसणार, अशी मला दाट शंका आहे.

जुना फोन मी विकलेला नाही. कपाटात असतो. दर रविवारी काढून चार्जिंगला लावतो. सौ. म्हणते, "बदललात ना एकदा? मग याला कशाला खायला घालता?"

मी म्हणतो, असू दे. बिऱ्हाड हललं तरी चार दिवस जुन्या पत्त्यावर चक्कर टाकावी. एखादं पत्र येतं.