उतार राखणारी नहर

छत्रपती संभाजीनगरात खाम नदीच्या काठी, महेमूद दरवाजाशेजारी पाणचक्की आहे. येणारे लोक उंच भिंतीवरून हौदात पडणारी धार पाहतात, जात्यापाशी डोकावतात, वडाखाली जरा टेकतात आणि निघतात. ही वास्तू नीट वाचायची असेल, तर त्या धारेपासून मागे, पाणी आलं त्या दिशेनं चालत जावं. तिचं सगळं सौंदर्य त्या प्रवासात आहे.

1610मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवलं आणि त्याला पाणी पुरवायला नहर खोदली. डोंगरपायथ्याच्या जमिनीत मुरलेलं पाणी गोळा करायचं आणि उताराच्याच जोरावर शहरात आणायचं, ही त्यामागची कल्पना. ती इतकी पक्की ठरली, की पुढच्या काळात तिच्याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यांपैकीच. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगत 1744च्या सुमारास तुर्कताज खान या सरदाराने चक्की उभी केली. पुढे वीसेक वर्षांनी जमील बेग खानाने मशिदीपुढचा लांबट हौद आणि कारंजी करवली. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांचं आणि वाटसरूंचं दळण या पाण्यावर होई.

नहरीचा उगम शहराच्या उत्तरेला, जटवाड्याच्या बाजूला. तिथून पाणी जमिनीखालून, चुन्याच्या बांधकामात बसवलेल्या खापरी नळांतून येतं. उतार अगदी अल्प ठेवलेला आहे. तीव्र उतार दिला असता तर पाणी वाटेत झपाट्यानं धावलं असतं, पण शहरात पोचेपर्यंत त्याची उंची संपली असती. उंची संपलेलं पाणी ना हौदात चढतं, ना चाक फिरवतं. नहरीचा कारागीर वर्षभर पै-पै राखून एका कार्यात हात मोकळा सोडणाऱ्या कर्त्या माणसासारखा वागला आहे. मैलोगणती वाटेवर त्याने बोट-बोट उतार वाचवला आणि शेवटच्या भिंतीपाशी तो सगळा एकदम खर्च केला.

या रचनेतली मला सर्वांत आवडणारी जागा म्हणजे वाटेवरचे दगडी बंब. बाहेरून पाहिलं तर नुसता चौकोनी मनोरा. नळातलं पाणी त्यात खालून शिरतं, वरच्या उघड्या कुंडीपर्यंत चढतं आणि दुसऱ्या नळानं उतरून पुढे जातं. दिसायला हा वळसा वाटतो. पण त्यात तीन कामं उरकतात. नळात अडकलेली हवा वर निघून जाते. पाणी क्षणभर संथ झाल्यानं गाळ बसतो. आणि दाब मोकळा होतो, म्हणून खापरी नळ फुटत नाहीत. प्रत्येक बंबाची कुंडी आधीच्या कुंडीहून किंचित खाली असावी लागते. तो किंचितपणा साधणं हीच या कामातली अवघड गोष्ट. कारागिराला पाण्याच्या स्वभावावर पूर्ण विश्वास असल्याशिवाय असं बांधकाम होत नाही.

पुढे पाणचक्कीची भिंत. पाणी तिच्यात चढतं आणि उंचावरून हौदात पडतं. या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत. वर पाणी भरलेलं, खाली वाटसरूंसाठी गारवा. चक्कीकडे वळवलेलं पाणी लोखंडी पात्यांच्या चाकावर आदळतं आणि वरचं जातं फिरतं. काम झालं की पाणी खामेत. एकच धार कारंजं उडवते, दालन गार ठेवते, पीठ दळते. कुठेही ती दमल्यासारखी वाटत नाही.

ही जुनी विद्या आजही तितकीच उपयोगी आहे. महाराष्ट्राने 2021मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. घर घेऊन फिरणारी ही गाडी रानात, वीज आणि नळ नसलेल्या जागी थांबते, तेव्हा तिची पाण्याची टाकी कॅनमधून भरावी लागते आणि तिथेच बराच वेळ जातो. नहरीचे नियम तिथे जसेच्या तसे लागू पडतात. कॅन उंच ठेवावा: उंची चौपट केली की धारेचा वेग दुप्पट होतो. नळी आखूड आणि रुंद घ्यावी: पाणी तितक्याच उंचीवर असताना अर्ध्या इंचाऐवजी एक इंची नळीतून साधारण पाचपट पाणी जातं. मात्र कॅनची तोटी बारीक असेल तर रुंद नळी फुकट, कारण सर्वांत अरुंद जागाच वेग ठरवते. नळीला मधे उंचवटा येऊ देऊ नये. तिथे हवा अडकून धार कोंडते. टाकीचा हवेचा मार्ग उघडा ठेवावा, नाहीतर आतली हवा भरायच्या तोंडातूनच बाहेर येऊ पाहते आणि पाणी गुडगुडत परत फिरतं. बंबांनी केलेलं काम हेच. अर्थात चौपट उंचीवर कॅन चढवायला चौपट श्रम लागतात. नहरीत ते श्रम डोंगराने आधीच केलेले असतात.

आज या शहराचं मुख्य पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं. धरण खाली आणि शहर उंचावर, म्हणून ते सतत पंपानं चढवावं लागतं. लाखोंच्या शहराला नहरी पुरणार नाहीत, हे उघड आहे. पंपांना पर्याय नाही. पण वीज न वापरता वाहणारी एक व्यवस्था आपल्या पायाखाली असताना तिच्यावर घरं चढवणं, तिची तोंडं बुजवणं आणि तिच्या पाणलोटात बेसुमार बोअर घेणं हा शुद्ध करंटेपणा आहे. डोंगरात पाणी मुरलं नाही, तर वरची सगळी कारागिरी कोरडीच राहणार.

पाणचक्की ही माझ्या मते दख्खनच्या जलविद्येतली अव्वल दर्जाची कृती आहे. पावसाळा सरताना, धार भरात असते तेव्हा ती पाहायला जा, आणि शहरात अजून उभा असलेला एखादा तरी बंब शोधून पाहा. तो तुमच्या वस्तीत असेल तर त्याच्यावर हातोडा पडू देऊ नका.