‘एकूण गुण’ : नियमातील एका शब्दाची चिकित्सा

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.संबंधी जे नियम प्रसिद्ध केले, त्यांनी चार वर्षांच्या पदवीधरास थेट संशोधनाकडे जाण्याची वाट मोकळी करून दिली. अट अशी की, त्यास ‘एकूण’ किमान ७५ टक्के गुण असावेत. मागास व तत्सम प्रवर्गांस पाच टक्क्यांची सवलत आहे. वादविवाद होतो तो ७५ या आकड्याविषयी. प्रस्तुत लेखकास खरी मेख ‘एकूण’ या शब्दात दिसते.

आयोगाच्याच डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार संशोधनासह ऑनर्स पदवीचे किमान १६० श्रेयांक होतात. पैकी ८० मुख्य विषयाचे, १२ संशोधन-प्रकल्पाचे. उरलेले ६८ दुय्यम विषय, अन्य विद्याशाखांतील विषय, भाषा, कौशल्ये इत्यादिकांचे. आता हिशेब करून पाहावा. मुख्य विषय व प्रकल्प यांत ८५ टक्के आणि इतरत्र ६० टक्के मिळविणाऱ्याची सरासरी ७४.३७५ येते. उलट, मुख्य विषयात व प्रकल्पात ७० आणि इतरत्र ८२ टक्के मिळविणारा ७५.१ वर पोहोचतो. पहिला दाराबाहेर राहतो, दुसरा आत जातो. आणि दार तर संशोधनाचे!

पुढे एप्रिल २०२४ मध्ये आयोगाने असेही जाहीर केले की, असा पदवीधर पदवीचा विषय कोणताही असला तरी इच्छित विषयात नेट देऊन पीएच.डी. करू शकेल. म्हणजे मुख्य विषयाचा आग्रह सुटला, इतर विषयांच्या गुणांचा मात्र कायम राहिला. या दोन भूमिकांची सांगड कशी घालावयाची, हे मला उमगलेले नाही.

इतर विषय निरर्थक आहेत, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास संख्याशास्त्र आणि ध्वनिविज्ञान टाळता येत नाही, हे मी वर्गात नित्य सांगतो. परंतु पाटणसारख्या तालुक्याच्या गावी विद्यार्थी इतर विषय घेतो तो पुष्कळदा आवडीने नव्हे, शिकविणारा उपलब्ध आहे म्हणून. समजा, कोयनेच्या खोऱ्यातील बोलीचे शब्द चिकाटीने टिपणारी एखादी विद्यार्थिनी अशाच एखाद्या विषयात घसरली. तर त्या घसरणीवरून तिच्या संशोधनक्षमतेविषयी काय सिद्ध होते?

तिची वाट कायमची बंद होत नाही, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. एक वर्षाची एम.ए. करून ५५ टक्के मिळविले की ती पात्र ठरते. परंतु ते एक वर्ष कोल्हापुरास किंवा पुण्यास खोली घेऊन राहण्याचे असते. घाटमाथ्यावरच्या शेतकरी कुटुंबास त्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

मराठीत ‘गुण’ या एकाच शब्दाने परीक्षेतील आकडाही दर्शविला जातो आणि अंगची योग्यताही. आकड्यांची बेरीज होते, योग्यतांची होत नाही. म्हणून अर्जात निदान दोन रकाने असावेत: एक मुख्य विषय व प्रकल्प यांचा, दुसरा इतरांचा, आणि ७५ ची अट पहिल्यास लावावी. दुसऱ्या रकान्याविषयी मुलाखतीत खुशाल विचारावे. मुलाखतीस नाही तरी ३० टक्के भार दिलेलाच आहे.