टीम आली, पण कोणाची?

'सेमी-प्रो' हा 2008 सालचा सिनेमा बहुतेकांना विल फेरेल अस्वलाशी कुस्ती खेळतो म्हणून आठवतो. केंट ऑल्टरमनच्या या विनोदपटात फेरेल जॅकी मून झालाय. एका हिट गाण्याच्या कमाईतून जॅकी मिशिगनमधल्या फ्लिंट शहराची बास्केटबॉल टीम विकत घेतो. मालक तोच, कोच तोच, खेळाडूही तोच. ही 'फ्लिंट ट्रॉपिक्स' काल्पनिक आहे, पण ती ज्या एबीए लीगमध्ये खेळते ती लीग खरी होती. 1976 मध्ये ती संपली तेव्हा एनबीएने तिच्यातल्या चारच टीम्स आत घेतल्या, हेही खरं.

सिनेमा हसवतो. वुडी हॅरेलसनचा मॉनिक्स तर वॉशिंग मशीनच्या बदल्यात टीमला मिळालेला असतो. माझी तक्रार शेवटाबद्दल आहे.

चौथा नंबर आला तर एनबीएत प्रवेश, या आशेवर टीम जीव तोडून खेळायला लागते. मग कमिशनर जॅकीला सांगतो की नंबर कितवाही येऊ दे, फ्लिंटची बाजारपेठ छोटी आहे, तुम्हाला घेणार नाहीत. सिनेमातला सगळ्यात खरा प्रसंग हाच. टीम नक्की कोणाची, हे इथे विचारायला हवं होतं. त्याऐवजी सिनेमा शेवटची मॅच जिंकून दाखवतो. आपण टाळ्या वाजवतो आणि प्रश्न तिथेच राहतो.

तो अजूनही तिथेच आहे. पेनसिल्व्हेनियात सरोवराकाठी एरी नावाचं शहर आहे, लोकसंख्या लाखाच्या आत. सिनेमा आला त्याच वर्षी तिथे 'एरी बेहॉक्स' ही नवी टीम आली, एनबीएच्या खालच्या लीगमधली. या लीगला आता जी लीग म्हणतात. 2017 मध्ये ऑर्लँडो मॅजिकने ती टीम फ्लोरिडातल्या लेकलँडला हलवली. लगेच अटलांटा हॉक्सची टीम आली, नाव तेच. 2019 मध्ये ती कॉलेज पार्कला गेली. मग न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सची आली, नाव पुन्हा तेच. 2021 मध्ये तीही बर्मिंगहॅमला गेली. या शेवटच्या दोघी येण्याआधीच त्यांचं जाणं ठरलेलं होतं.

आमच्या कामात स्टेजिंग सर्व्हर असतो. खऱ्या युजरसमोर जाण्याआधी कोड तिथे चालवून बघायचा. गरज संपली की तो पुसून टाकतात, कोणाला वाईट वाटत नाही. जी लीग मला तशीच दिसते. फक्त या सर्व्हरवर माणसं राहतात. ती सीझनची तिकिटं काढतात, पोरांना जर्सी घेऊन देतात.

म्हणून छोट्या शहरात टीम येऊच नये, असं नाही. कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी जायला एक जागा मिळते, वर जाऊ पाहणारे खेळाडू चार हातांवरून बघता येतात. पण शहर छोटं म्हणून टीम टिकत नाही, हे अर्धसत्य आहे. विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे साधारण एरीएवढंच. तिथली फुटबॉल टीम, पॅकर्स, 1923 पासून भागधारकांच्या मालकीची आहे आणि कुठेही गेलेली नाही. अर्थात, एनएफएलचे आजचे नियम अशी दुसरी टीम होऊ देत नाहीत. मोठ्या लीगने यातून घेतलेला धडा हा असा.

'सेमी-प्रो'मध्ये एक प्रेक्षक लांबून बास्केट टाकून दहा हजार डॉलर जिंकतो आणि जॅकीकडे द्यायला पैसेच नसतात. सिनेमा त्यावर हसून पुढे जातो. मला त्या माणसाचा सिनेमा बघायचा होता.