‘असू शकतं’ आणि ‘असलंच पाहिजे’

अपिलांचे निकाल हा माझ्या पीएचडीचा विषय आहे असं सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो: "खालच्या कोर्टाने फाशी दिली, वरच्या कोर्टाने सोडलं, मग मध्ये पुरावा बदलला का?" नाही. अपिलात नवा पुरावा सहसा येतच नाही. तेच कागद, त्याच साक्षी. फरक पडतो तो त्यांना कोणता प्रश्न विचारला यामुळे.

अमेरिकेत हा प्रश्न 1979 मध्ये ‘जॅक्सन विरुद्ध व्हर्जिनिया’ या निकालाने ठरवला. पुरावा सरकारपक्षाला अनुकूल धरून वाचायचा आणि विचारायचं: यावरून कुठल्याही विवेकी माणसाला वाजवी शंकेपलीकडे दोष सिद्ध झाला असं वाटू शकलं असतं का? वरचं कोर्ट स्वतःला काय वाटतं ते बघत नाही. आपल्याकडे उच्च न्यायालयातलं पहिलं अपील कायद्याइतकंच तथ्यांवरही चालतं आणि तिथे पुरावा नव्याने तोलणं हे न्यायाधीशांचं कामच आहे. कागदावर आपली पद्धत आरोपीसाठी जास्त उदार.

प्रत्यक्षात काय होतं? 1984 चा ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल बघा. पुण्यात एका नवविवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. आत्महत्येची शक्यता पुराव्याने मोडलेली नव्हती. शिवाय काही परिस्थितीबद्दल आरोपीला कोर्टात विचारलंच नव्हतं, म्हणून ती बाजूला ठेवावी लागली.

परिस्थितीजन्य पुराव्याची प्रसिद्ध पाच तत्त्वं याच निकालातली. त्यांचा गाभा इतकाच: दोष ‘असू शकतो’ एवढ्यावर भागत नाही, तो ‘असलाच पाहिजे’, साखळी पूर्ण हवी आणि निर्दोषपणाची वाजवी शक्यता उरता कामा नये.

माझी तक्रार इथे आहे. ही तत्त्वं आता निकालांत आरतीसारखी येतात. मी वाचलेल्या कितीतरी निकालांत पाचही तत्त्वं जशीच्या तशी उतरवलेली, मग सरकारपक्षाची गोष्ट सांगितलेली, आणि शेवटी "साखळी पूर्ण झाली आहे". मधली पायरी गायब! दुसरी शक्यता नेमकी कोणती होती आणि कोणत्या पुराव्याने ती मोडली, याचं एक वाक्यही नाही. म्हणजे नाव सारडाचं आणि कसोटी नकळत जॅक्सनची: असा निष्कर्ष निघू शकतो ना, मग झालं.

याची किंमत मोठी आहे. दोन कोर्टांचं तथ्यांवर एकमत झालं की सर्वोच्च न्यायालय सहसा त्यात हात घालत नाही. सारडा हा अपवाद होता. त्यामुळे बहुतेकांसाठी पुरावा खरोखर पुन्हा तोलला जाण्याची शेवटची जागा उच्च न्यायालय हीच.

म्हणून मी आता निकाल वाचताना तत्त्वांचा परिच्छेद सोडून देते. त्याच्या पुढचं पान उघडते आणि एकच गोष्ट शोधते: आरोपीच्या बाजूची शक्यता न्यायाधीशांनी स्वतःच्या शब्दांत मांडली आहे का? ती मांडलेलीच नसेल, तर नाकारली कशी?