अनधिकृत पत्रसंग्रह आणि पाठप्रामाण्य : सेवाग्रामच्या पत्रांच्या निमित्ताने

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्यानजीकच्या सेगाव या खेड्यात राहावयास आले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावाशी असलेल्या नामसादृश्यामुळे टपालाचा घोटाळा होऊ लागला, आणि १९४० मध्ये या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. ज्या पत्रव्यवहारापायी गावाचे नाव बदलावे लागले, तो पुढे कोणी व कसा जतन केला, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नसून पाठचिकित्सेचाही आहे.

पत्र एकदा रवाना झाले की ते लिहिणाराच्या ताब्यात राहत नाही. काही पत्रांच्या प्रती चिटणिसांनी ठेवल्या. परंतु पुष्कळशी पत्रे टिकली ती ज्यांना आली त्यांच्या संग्रही. जमनालाल बजाज व त्यांचे कुटुंबीय यांना आलेल्या पत्रांचा काकासाहेब कालेलकर संपादित ‘पाँचवें पुत्र को बापू के आशीर्वाद’ हा संग्रह वर्ध्याच्या जमनालाल सेवा ट्रस्टने १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. भारत सरकारच्या समग्र वाङ्मयाचा पहिला इंग्रजी खंड निघाला तो १९५८ मध्ये. अर्थात, अधिकृत संग्रहाची उभारणीच खाजगी संग्रहांच्या पायावर झाली. तेव्हा ‘अनधिकृत’ म्हणजे ‘अविश्वसनीय’ हे समीकरण मुळातच टिकत नाही. महानुभावीय वाङ्मयाच्या अभ्यासकांस हे नवे नाही. लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाल्यावर अनुयायांनी स्मरणाच्या आधारे सिद्ध केलेल्या पाठांवाचून तो ग्रंथ आज हाती येताच ना.

याच्या उलट प्रकारही घडला आहे. प्रा. के. स्वामिनाथन यांच्या प्रदीर्घ संपादकत्वाखाली आकारास आलेली शंभर खंडांची मूळ आवृत्ती १९९४ मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर १९९९ च्या सुमारास सरकारनेच सुधारित आवृत्ती काढली. तीत पुरवणी खंडांतील मजकूर कालक्रमानुसार मुख्य खंडांत मिसळण्यात आला. त्यामुळे खंडांक, पृष्ठांक व लेखांक बदलले. काही नोंदी गळल्या आणि मूळ प्रस्तावनांचा खंड वगळला गेला. त्रिदीप सुहृद आदी अभ्यासकांनी आक्षेप घेतल्यावर २००५ मध्ये ही आवृत्ती मागे घेण्यात आली. तथापि तिची ९८ खंडांची संगणकीय प्रत तोवर सर्वत्र पसरली होती. बर्लिनच्या गांधीसर्व्ह प्रतिष्ठानाने ती उपलब्ध केली, आणि सेवाग्राम आश्रमाच्या संकेतस्थळावरूनही ती वाचकांस मिळत आली आहे.

येथे दोष प्रत जतन करणारांचा म्हणता येणार नाही. मागे घेतलेला पाठ कोणी सांभाळलाच नसता, तर त्यातून काय गळले हे पडताळण्याचे साधन दुर्मिळ झाले असते. त्या आवृत्तीच्या आधारे दिलेले संदर्भही निराधार ठरले असते. दोष संभवतो तो प्रतीची वंशावळ न सांगण्यात. ही कोणत्या आवृत्तीची प्रत, तिचा इतिहास काय, मूळ आवृत्तीशी तिचे अंक का जुळत नाहीत, याची सूचना नसेल तर नवखा विद्यार्थी हाच एकमेव पाठ समजून चालतो. साबरमती आश्रमाच्या आश्रयाने २०१३ मध्ये सुरू झालेल्या गांधी हेरिटेज पोर्टलने मूळ शंभर खंड उपलब्ध केल्यानंतर तर ही तुलना कोणासही करता येण्याजोगी आहे.

भाषाभ्यासकाने आणखी एक भान ठेवावयास हवे. इंग्रजी खंडांतील पुष्कळ पत्रे गुजराती वा हिंदी मूळ पत्रांची भाषांतरे आहेत. त्या खंडांत पत्राखालील टीपेत मूळ भाषा व प्राप्तिस्थान दिलेले असते. ती टीप न पाहता इंग्रजी वाक्यरचनेवरून गांधीजींच्या शैलीविषयी अनुमान काढणे म्हणजे अनुवादकाच्या शैलीचे विवेचन करणे होय. आवृत्ती कोणतीही असो, ही चूक सारखीच घडते.

यास्तव प्रबंधात केवळ खंड व पृष्ठ देऊन भागणार नाही. पत्र कोणास लिहिले, त्याची तारीख, मूळ भाषा आणि वापरलेली आवृत्ती या चार गोष्टी नोंदविल्या, तर पृष्ठांक बदलले तरी पत्र सापडेल. संग्राहक सरकारी असो वा खाजगी, त्याच्याकडून अपेक्षा एकच : आपल्या हाती आलेली प्रत कोठून आली, हे त्याने पहिल्याच पानावर सांगावे.