द्राक्षपर्णातील प्रकाशसंश्लेषण आणि ‘सनलाइट इंटू वाइन’

रिचर्ड स्मार्ट व माइक रॉबिन्सन यांचा ‘सनलाइट इंटू वाइन’ हा ग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध झाला. द्राक्षवेलीच्या पर्णसंभाराविषयी त्याचा उल्लेख टाळून लिहिणे आजही अवघड आहे. म्हणूनच त्यातील मूळ गृहीताची छाननी होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ग्रंथाचे मूळ जिनिव्हा (न्यूयॉर्क) येथे आहे. तेथे शॉलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी काँकर्ड जातीच्या वेलींचा दाट पर्णसंभार दोन पडद्यांत विभागून उत्पन्न वाढविले व ते काम १९६६ साली प्रसिद्ध केले. स्मार्ट हे शॉलिस यांचेच विद्यार्थी. थंड, आर्द्र प्रदेशातील जोमदार वेलींना सावलीच मारते, हा त्यांचा निष्कर्ष निर्विवाद आहे. एक पान आपल्यावर पडलेल्या उपयुक्त प्रकाशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग अडविते. तिसऱ्या थरातील पानाचा श्वसनाचा खर्चही मग जेमतेम भागतो.

अडचण मोजमापापासून सुरू होते. पर्णसंभारात पातळ सळई खुपसावयाची आणि तिला लागणारी पाने मोजावयाची. १ ते १.५ थर व २० ते ४० टक्के मोकळ्या जागा हा आदर्श. पद्धत सोपी आहे, शेतकऱ्याच्या हाती देता येण्याजोगी आहे, आणि हा गुण लहान नव्हे. परंतु सळई पानाचे वय विचारीत नाही. उमलल्यापासून सुमारे ३० ते ४० दिवसांनी पानाचा प्रकाशसंश्लेषणाचा वेग कमाल होतो. त्याआधीचे कोवळे पान व नंतरचे जरठ पान सळईच्या लेखी सारखेच.

याहून गंभीर आक्षेप निराळा आहे. पडलेला प्रकाश म्हणजे साधलेले प्रकाशसंश्लेषण नव्हे. द्राक्षाचे पान पूर्ण सूर्यप्रकाशाच्या सुमारे एक तृतीयांश ते निम्म्या तीव्रतेलाच संपृक्त होते. दुपारी हवा कोरडी पडली की पर्णरंध्रे आखडतात, कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा तुटतो आणि उरलेला प्रकाश पानाला उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावा लागतो. अशा वेळी वाढविलेला प्रकाश शर्करेत भर घालीत नाही. मोकळ्या जागांतून तो मातीवर पडतो व घडांभोवतीची हवा तापवितो.

मग महाराष्ट्रातील मांडव दाट ठेवावा काय? तसेही नाही, आणि येथेच ग्रंथाची बाजू पुन्हा जड होते. ऑस्ट्रेलियात ब्यूट्रोज यांनी १९७० च्या आसपास नियंत्रित वातावरणात केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की डोळ्यातील घडनिर्मिती प्रकाश व तापमान या दोहोंवर अवलंबून असते. आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढणाऱ्या काडीतच ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पिकाचे घड ठरतात. त्या वेळी डोळ्यापर्यंत प्रकाश पोचलाच पाहिजे, मग त्याच क्षणी माथ्यावरचे पान संपृक्त होऊन निष्क्रिय का असेना. प्रकाशाची ही दोन कार्ये आहेत : अन्न पुरविणे आणि डोळ्याला फलधारणेकडे वळविणे. ग्रंथात दोन्हींची चर्चा आहे, पण गुणपत्रिकेत ती एकाच बेरजेत मिसळली आहेत. थंड प्रदेशात ही सरमिसळ खपून जाते, कारण तेथे दोन्ही गरजा एकाच दिशेने ओढतात. उन्हाळ्यातील नाशिक-सांगलीत त्या परस्परांविरुद्ध जाऊ शकतात.

मांडव मोडून वाय आकाराचा आधार उभारणे हा खर्चाचा निर्णय आहे. केवळ सळईच्या आकड्यावर तो सुचविणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच वेलीवर सकाळ, दुपार व सायंकाळ अशा तीन वेळा वायुविनिमय मोजावा, आणि काडी पक्व झाल्यावर डोळे कापून त्यांतील घडांची गणना स्वतंत्र रकान्यात मांडावी.