जोगांचे व्हायोलिन आणि अपुरी दाद

पं. व्ही. जी. जोग (१९२२–२००४) आणि उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या जुगलबंदीचे कौतुक बहुधा 'हिंदू-मुस्लीम ऐक्य' या दोन शब्दांवर थांबते. राहुरीत उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आम्हाला ही दाद अपुरी वाटते. सनईचा स्वर फुंकेवर चालतो, व्हायोलिनचा गजावर. दोन्हींतून लांब मींड निघते, म्हणून जोडी जमते. खाँसाहेबांची जागा जोग गजावर उचलतात, पुढे नेतात, पण कुरघोडी करत नाहीत. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचीही तालीम त्यांना मिळाली होती. १९८३ साली पद्मभूषण मिळाले. समीक्षकाने आधी ही देवाणघेवाण कानांनी टिपावी. ऐक्याची गोष्ट त्यातूनच कळते. वरून चिकटवावी लागत नाही.